काचेची तार

“लाइन तं नाही ना तुटली गजूभाऊ, त्या दिवशी?” प्रेमलालनं विचारलं. मी बालाघाटच्या बसस्टँडसमोर चहा पीत उभा होतो, अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि थोड्याच वेळात समोरच्या हॉलमध्ये माझा सत्कार व्हायचा होता. प्रेमलाल आमच्या रामपायलीचा, आमच्याच आळीतला. आमच्या शेजारच्या तेजरामकाकांच्या तेरवीचं, तेराव्याच्या जेवणाचं, सामान न्यायला आला होता. पत्रावळींचे गठ्ठे आणि तेलाचा पिपा पायाशी ठेवून एका हातानं कंबर दाबत उभा होता. कोणत्या दिवशी, हे विचारायची गरज नव्हती. “नाही तुटली,” मी म्हणालो. “मंग झालं!” त्याचा चेहरा असा खुलला की त्याच्याच घरचं काही वाचलं असावं. “आमाले तेच टेन्शन होतं. तार एवढी खाली, अन् तिरडी खांद्यावर. कोणी म्हणे काठीनं उचला, कोणी म्हणे सोडून घ्या. तुमचे बाबा म्हणे, ताराले हात लावू नोका, अंदर काच आहे, वाकला का तुटते. मंग का करता? काकालेच वाकवलं. खांद्यावरून कमरेवर घेतलं, कमरेवरून गुडघ्यावर. विसाव्याच्या आंधी खाली तं टेकवता येत नाही ना. माही कंबर तवाची धरली ते धरलीच. पण ताराले धक्का नाही लागू देल्ला, भाऊ!” आणि तो हसला. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी वासावरून ओळखला असता, आमच्या आळीला टोमणे चांगले झणझणीत मारता येतात. पण हा माणूस मला खुशखबर सांगत होता. माझ्या हातातला चहा निम्मा शर्टावर सांडला, आणि त्यानंच आपल्या गमछानं तो पुसला. “अरे बाप्पा, सत्काराचा शर्ट!” म्हणाला.

हॉल वरच्या मजल्यावर होता. पायऱ्या चढताना शर्टाचा ओला भाग पोटाला चिकटत होता. मला तिथूनच परत खाली जावंसं वाटत होतं, पण पाय चढतच होते. माझ्या पायांना ही सवयच आहे, लाज वाटते तिकडंच ते सरळ नेतात. पहिल्या रांगेत माझ्या नावाची चिठ्ठी लावलेली खुर्ची होती. ‘गांव में रहकर काम, गांव का नाम’ असा फलक होता. शेजारच्या दोन खुर्च्यांवर आणखी दोन सत्कारमूर्ती होते. मी बसलो आणि पहिल्यांदा काय वाटलं असेल? दुःख नाही. मला राग आला, प्रेमलालचा. हा लेकाचा आजच का भेटला, आणि भेटला तर हे का सांगितलं? गेले कितीतरी दिवस मी एक लाज बाळगून होतो, तिची मला सवय झाली होती, ती अंगाला बसली होती. त्यानं ती काढून घेतली आणि तिच्या जागी दुसरी दिली, ही फार मोठी निघाली.

कारण मला वाटत होतं, ते माझ्यासाठी थांबले होते. त्या दिवशी मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसलो होतो, कानावर हेडफोन, समोर पुण्याच्या कंपनीच्या अलकनंदा मॅडम आणि परदेशातली चार गिऱ्हाइकं. शेजारून ‘राम नाम सत्य है’ उठलं आणि बरोबर माझ्या खिडकीखाली येऊन थांबलं. एकदम बंद. मग नुसते पायांचे आवाज, कोणीतरी म्हणालं, “हळू, हळू रे.” तिथं विसावा नाही. विसावा नदीच्या वाटेवर चिंचेखाली आहे, हे मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणजे ते माझ्यासाठीच थांबलेत, मी म्हटलं, गजू बाहेर येईल, खांदा देईल, म्हणून थांबलेत. आणि मी उठलो नाही. मी पडद्यावरचं पुढचं चित्र उघडलं आणि इंग्रजीत बोलत राहिलो. थोड्या वेळानं ‘राम नाम’ पुन्हा सुरू झालं आणि नदीकडे निघून गेलं. तेव्हापासून मी स्वतःला शिव्या घालत होतो, जेवताना, अंघोळ करताना, की तुझ्यासाठी माणसं मुडदा खांद्यावर घेऊन थांबली आणि तू उठला नाहीस. पण त्या शिव्यांतही किती भाव खात होतो मी! वा रे वा, गजेंद्रसाहेब! कोणी तुमच्यासाठी थांबलं नव्हतं. तुम्ही येणार नाही हे त्यांनी धरूनच टाकलं होतं. त्यांना फक्त तुमची तार सांभाळायची होती.

तेजरामकाका त्या दिवशी सकाळीच गेले. बाबा ओट्यावरून आत आले आणि म्हणाले, “तेजराम गेला.” मी म्हटलं, “आँ?” आणि माझी नजर घड्याळाकडे गेली. बाबांनी ती पाहिली. माझ्या बाबांचं नाव फकिरा. आयुष्यभर धान लावलं, कापलं, शाळा जेमतेम पाहिली, पण नजर पाहण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. “तुही मिटिंग आहे ना आज? मोठी आहे म्हणत होता.” “आहे बाबा, पण मी मधूनच उठून येतो.” “हौ,” ते म्हणाले. एवढंच. खुंटीवरचा गमछा घेतला आणि गेले. मिटिंग खरंच मोठी होती, यात खोटं काही नाही. अलकनंदा मॅडमनी आधीच बजावलं होतं, “गजेंद्र, घरून काम करणाऱ्यांचं सगळं भवितव्य या एका मिटिंगवर आहे. मध्येच लाइन गेली, तू गायब झालास, तर मॅनेजमेंट सगळ्यांना परत बोलावणार.” परत म्हणजे पुणे, हिंजवडीकडची ती खोली, तिच्या खिडकीतून दुसऱ्या इमारतीचे संडासाचे पाइप दिसायचे. आई गेल्यावर बाबा घरात एकटे राहिले म्हणून मी भांडून, हात जोडून, रामपायलीहून काम करायची परवानगी मिळवली होती. गावातल्या लोकांना त्याचंही कौतुक कमी, शंका जास्त. लग्नाला मुलगी पाहायला गेलो तर तिचा बाप म्हणाला, “पोरगा पुण्याच्या नोकरीत आहे म्हणता, मंग दिवसभर घरी काहून बसून राह्यते?” तर मिटिंग मोडली असती तर गाव सुटलं असतं. गावात राहता यावं म्हणून मी त्या दिवशी गावातल्या माणसाला खांदा दिला नाही. हे वाक्य मी अनेकदा उलटसुलट करून पाहिलं आहे. त्यातून पळायला फट सापडत नाही.

आणि ती तार. इंटरनेटची सरकारी लाइन चौकापर्यंत येऊन थांबली होती. पुढं आळीच्या टोकाला आमच्या घरापर्यंत मी स्वतः ओढून घेतली, मधे आधाराला बांबू. एक बांबू तेजरामकाकांच्या ओट्याशी रोवायचा होता. काकांनी विचारलंही नाही कशाची आहे, म्हणाले, “रोव ना, जागा काय मी संग नेऊन राह्यलो का?” पावसाळ्यात वाऱ्यानं बांबू कलला आणि तार ओट्यासमोर झोळीसारखी लोंबायला लागली. नीट करीन, नीट करीन म्हणत मी केली नाही. मग एकदा प्रेमलालच्या ट्रॉलीनं ती तुटली, धानाची पोती भरलेली ट्रॉली. माझी मिटिंग अर्ध्यात मेली. मी बाहेर धावलो आणि पुण्यात ज्या भाषेत वॉचमनवर ओरडतात त्या भाषेत आळीवर ओरडलो. “आत काच असते काच! वाकली की तुटते! कोणी हात लावायचा नाही हिला!” वास्तविक ती तार एवढी नाजूक नसते. काठीनं उचलली तर काही होत नाही. पण तेव्हा मला ओरडायला काहीतरी ठसठशीत हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून तेजरामकाका बेचक्याची काठी घेऊन ओट्यावर बसायला लागले. ट्रॅक्टर आला की उठायचे, बेचक्यात तार अलगद धरायचे, वर करायचे, ट्रॅक्टर गेला की तशीच हळू खाली ठेवायचे. “गज्याची काच आहे,” असं ड्रायव्हरला सांगायचे. पोराबाळांचं नशीब त्यांना नव्हतं. मी लहान असताना ते मला खांद्यावर बसवून नदीवर न्यायचे आणि म्हणायचे, “आता मी तुले उचलतो, मंग तू मले उचलजो.” माझ्या तारेसाठी ते दिवसभर उठबस करायचे आणि मी खिडकीतून ‘थँक्यू काका’ म्हणायचो. त्या दिवशी तिरडी तारेशी आली तेव्हा बेचक्याची काठी ओट्यालाच टेकून असणार. पण ती धरायची ताकद कोणाची? काचेला हात लावायचा नाही असं मी सांगून ठेवलं होतं. हात लावायचा हक्क एकाच माणसाला होता आणि तो तिरडीवर होता.

“...और हमारे बीच हैं रामपायली के गजेंद्र जी!” माइकवरचा माणूस म्हणत होता. मी दचकलो. शेजारच्यानं कोपर मारलं, “जाइए, जाइए.” टाळ्या वाजत होत्या. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. शाल टाकणाऱ्या साहेबांनी माझा खांदा थोपटला, आणि माझा खांदा आपोआप खाली गेला, चुकवल्यासारखा. बरोबरच आहे. हवा तिथं द्यायचा राहिलेला खांदा, त्याला थोपटण्याची काय सवय! “पुणे की कंपनी, विदेश के ग्राहक, और पूरी मीटिंग में लाइन एक बार भी नहीं टूटी,” माइकवाला सांगत होता. हे मीच त्याला फोनवर सांगितलं होतं, फुशारकीनं, आदल्याच आठवड्यात. काकांची माती होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा. “दो शब्द कहिए,” म्हणाला. मी माइक धरला. मला सांगायचं होतं. देवाशप्पथ सांगायचं होतं की लाइन तुटली नाही कारण खाली चार माणसं गुडघ्यावर आली होती. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, “नेटवर्क अच्छा हो तो आदमी गांव छोड़े ही क्यों?” कडाडून टाळ्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी ते वाक्य लिहूनसुद्धा घेतलं. वाईट याचं की वाक्य खोटं नव्हतं. मी खाली येऊन बसलो, शालीची घडी मांडीवर घेतली, आणि कोणी माझ्याकडे पाहू नये म्हणून नारळाची शेंडी निवडत बसलो.

मोटरसायकलवर वैनगंगेचा पूल ओलांडला, वारासिवनीच्या राइस मिलांचा उकडलेल्या धानाचा वास नाकात शिरला. डिकीत नारळ प्रत्येक खड्ड्याला ठकठक करत होता. त्या दिवशी मिटिंग संपल्यावर मी अशीच मोटरसायकल नदीवर हाणली होती. चिता पेटलेली होती. मी एक लाकूड घेऊन त्यात टाकलं, धूर डोळ्यांत गेला म्हणून पाणी आलं की दुसरं काही, ते माझं मलाच कळलं नाही. अग्नी लालबर्रा गावाहून आलेल्या त्यांच्या पुतण्यानं दिला होता. लोकांनी सरकून मला जागा केली आणि एकेकानं विचारलं, “झालं का काम?” मी प्रत्येकाला ‘हौ’ म्हणालो. पुण्यात राहून मी ‘हो’ म्हणायला शिकलो होतो, पण मान खाली गेली की माझ्या तोंडून गावाचाच शब्द येतो. कुणीतरी एकानं जरी म्हटलं असतं, “काहून रे, आता येतं का?” तर मी त्याच्या पाया पडलो असतो. कोणी म्हटलं नाही. आणि मिटिंगच्या शेवटी अलकनंदा मॅडम म्हणाल्या होत्या, “काय शांत आहे हो तुमच्याकडे! आमच्याकडे वरच्या मजल्यावर ड्रिलिंग चाललंय, हैराण झालेय मी.” तेव्हा भिंतीपलीकडे अनुसयाकाकू, तेजरामकाकांची बायको, टाहो फोडत होती. मला ऐकू येत होतं. मॅडमना येत नव्हतं, कारण माझ्या लॅपटॉपात आवाज गाळणारी एक सोय आहे. कुत्रं, कुकर, कोंबडा, सगळं ती गाळते आणि फक्त बोलणाऱ्याचा आवाज पुढं पाठवते. त्या दिवशी तिनं काकूला गाळलं. मी हसून म्हणालो, “हो मॅडम, गाव आहे ना.”

आळीत शिरलो तेव्हा उन्हं कलली होती. ठरवलं, आज काकूंकडे जायचं, काय ते बोलायचं. रडलो तर रडलो. शाल-नारळ डिकीत तसाच राहू दिला, तो घेऊन त्या दारात जायची माझी छाती नव्हती. समोरची खोली रिकामी होती. फोटोपुढे दिवा, जाजम अंथरलेलं, माणूस एक नाही. मागून बायकांचं दबकं बोलणं आलं. घरातून गोठ्याकडे गेलो तर काकू आणि वारासिवनीहून आलेल्या दोन बायका शेणाच्या गोवऱ्यांशेजारी, गाईच्या पायांशी बसल्या होत्या. नवीन भेटायला आलेल्या बायका, म्हणजे रडणं होणारच, आणि झालंही होतं, पण पदर तोंडात कोंबून. “काकू, इथं काहून बसल्या?” मी विचारलं. “ये बापू. तिकडं तुही खिडकी आहे ना, तुह्या हापिसाची. बायका येतात, रडतात. तुले तरास काहून?” ती पदरानं नाक पुसत म्हणाली, “पहिल्या दिवशी मले सुधरलंच नाही रे. लय ओरडली मी. मंग फकिरादादानं सांगतलं, गजूची मोठी मिटिंग होती म्हणून. जिवाले लागलं माह्या. तुह्या साहेब लोकाईले आवाज गेला असन न?” माफी मागायला मी आलो होतो आणि ही बाई नवरा मेल्यावर रडली म्हणून माझी माफी मागत होती. “नाही काकू,” मी म्हणालो. “काहीच ऐकू नाही गेलं त्याईले.” “नाही गेलं? बरं झालं बाई!” तिनं खरोखर छातीवर हात ठेवला. तिला हलकं वाटलेलं मी पाहिलं. मग ती चहा टाकू का म्हणाली. मी नको म्हणून बाहेर आलो.

बाहेर बाबा होते. काकांच्या ओट्याशी खड्डा खोदून बसले होते, बाजूला नवा हिरवा बांबू, चांगला दोन पुरुष उंच. जुना कललेला बांबू उपटून ठेवला होता आणि तार बेचक्याच्या काठीवर, काका ठेवायचे तशी, अलगद टेकवलेली होती. बाबांनी तिला हात कसा लावला असेल, मनातल्या मनात किती वेळा देवाचं नाव घेतलं असेल, कोण जाणे. “आला? झाला सत्कार? धर बरं हे. सरळ धर,” ते म्हणाले. मी शर्टाच्या बाह्या न सारताच बांबू धरला. ओला, जड होता, खांद्याला लावून धरावा लागला. बाबांनी बुडाशी दगड घातले, माती लोटली, टाचेनं दाबली. शेंड्याला बांधलेली तार वर गेली, ओट्याच्या वर, पत्र्याच्या वर, पार वर. मग बाबा हात झटकत आळीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. उजवा हात खांद्यावर नेला, तिरडीचा दांडा धरतात तसा, मूठ वळून, आणि मान वर करून तारेकडे पाहिलं. तसेच चार पावलं चालून तिच्याखालून पलीकडे गेले. पुन्हा वर पाहिलं. “जमते,” म्हणाले. “आता माह्या टायमाले कोणाले वाकाचं काम नाही. अन् तुले बी उठाचं काम नाही.”

“बाबा!” मी म्हणालो. “काय बाबा? मरण काय पुसून येते का? तवा बी तुही मिटिंग असू शकते.” विहिरीवरचा पंप दुरुस्त झाला असं सांगावं तशा आवाजात. त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता, मी कान टवकारून शोधला, काही नव्हतं. बापानं पोराची सोय पाहिली होती, बस. मला बोंब मारावीशी वाटली, की मी उठीन बाबा, लाइन गेली खड्ड्यात, नोकरी गेली खड्ड्यात, मी उठीन. पण हे त्यांना सांगून काय उपयोग, त्यांनी एकदा माझी नजर घड्याळाकडे गेलेली पाहिली होती. बांबू पक्का रोवला गेला होता तरी मी तो धरूनच उभा होतो. “सोड ना आता,” बाबा म्हणाले. “जा, पाह्य बरं लाइन चालू आहे का. लय हलवली आपण.”

मी आत गेलो. टेबलावरच्या डब्याचे दिवे हिरवे होते, सगळे. लॅपटॉपवर उद्याच्या मिटिंगची सूचना आली होती. उद्या तेरवी. मी हातरुमालानं चहाचा डाग पुसत तिथंच उभा राहिलो.

“अरे काय झालं?” खिडकीतून बाबांचा आवाज आला, घाबरलेला. “तुटली का?”

“नाही बाबा,” मी म्हणालो. “चालू आहे.”

“मंग झालं,” बाबा म्हणाले, आणि खाली पडलेली बेचक्याची काठी उचलून त्यांनी ती काकांच्या ओट्याला नीट टेकवून ठेवली.